इंडिकेटरचा बल्ब : पेटला म्हणजे बरोबर असे नव्हे

बंगळूरच्या टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या जे. सी. रोडवर मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने एकाला एक लागून उभी आहेत. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र यांचे नाव या रस्त्याला आहे. पण मोटारवाल्यांना तो माहीत आहे तो ब्रेकचे पॅड, क्लचच्या प्लेटी, आरसे आणि दिवे मिळण्याचे ठिकाण म्हणून. इथल्या काउंटरवर दिवसातून कितीदा तरी एकच संवाद घडतो. "इंडिकेटर बल्ब कोडी," गिऱ्हाईक म्हणते. "याव गाडी, सार?" दुकानदार विचारतो. गाडीचे नाव कळले की तो मागच्या फळीवरचे एक खोके काढतो, त्यातला बल्ब काउंटरवर ठेवतो आणि पैसे घेऊन पुढच्या माणसाकडे वळतो. दर्शिनीतल्या इडली-कॉफीच्या भावात काम झाले म्हणून गिऱ्हाईकही खूश असते.

घरी येऊन बल्ब लावायला घ्यावा, तर कधी तो होल्डरमध्ये बसतच नाही. हे त्यातल्या त्यात बरे. निदान चूक कळते. पण कधी तो बसतो, पेटतोही, मात्र इंडिकेटर नारिंगीऐवजी पांढरा लुकलुकतो. कधी रंग बरोबर असतो, पण प्रकाश दिवसा दिसेल न दिसेल असा. कधी डॅशबोर्डवरची टिकटिक दुप्पट वेगाने होऊ लागते. अशा वेळी बहुतेक लोक "पेटतोय ना, मग झाले" म्हणून बॉनेट किंवा डिकी बंद करतात.

इंडिकेटर हा आपल्याला उजेड मिळावा म्हणून लावलेला दिवा नाही. हेडलाइट कमी पडला तर चालवणाऱ्याला लगेच जाणवते. इंडिकेटरचे तसे नाही. तो मागून आणि समोरून येणाऱ्यांसाठी असतो, आणि तो नीट दिसतो की नाही हे नेमके चालवणाऱ्यालाच कळत नाही. बंगळूरमध्ये नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे आणि त्यांत निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत. सिग्नलला थांबलेल्या मोटारीच्या डाव्या बाजूच्या दीड-दोन फुटांच्या फटीतून स्कूटर पुढे काढणे हा इथला रोजचा प्रकार. पुढे मुलाला उभे करून आणि मागे दप्तर अडकवून शाळेकडे निघालेली एखादी आई त्या फटीत शिरायचे की नाही, हे मोटारीच्या मागचा डावा दिवा पाहून ठरवते. या शहरात मराठी, मल्याळी, तेलुगू, हिंदी बोलणारे लाखो लोक आहेत. डाव्याला कन्नडमध्ये 'एड' आणि उजव्याला 'बल' म्हणतात हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसेल, पण नारिंगी दिवा लुकलुकला की गाडी कुठे वळणार हे सर्वांना कळते. तो दिवा अंधूक किंवा भलत्या रंगाचा असेल, तर ती आई फटीत शिरते.

हातापासून दिव्यापर्यंत

पूर्वी हे काम हातावर भागत असे. उजवा हात खिडकीबाहेर काढायचा, तळवा समोर करायचा. डावीकडे वळायचे असेल तर हात गोल फिरवायचा. पुढे मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत दोन दारांच्या मधल्या खांबातून एक छोटा दांडा बाहेर येई, रेल्वेच्या सिग्नलसारखा. त्यात बारीकसा दिवा असे. पावसात तो अडके, कधी बाहेर आलेला आत जाईना, आणि मग चालक खिडकीतून हात काढून त्याला थप्पड मारी. लुकलुकणारा दिवा अमेरिकेच्या ब्यूइक कंपनीने १९३९मध्ये आपल्या गाड्यांना दिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो हळूहळू सगळीकडे रूढ झाला.

आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०२वा नियम या दिव्याविषयी आहे. इंडिकेटरचा रंग अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, असला पाहिजे आणि तो मिनिटाला कमीत कमी ६० व जास्तीत जास्त १२० वेळा लुकलुकला पाहिजे, असे तो सांगतो. सेकंदाला एक ते दोन वेळा. बल्ब निवडताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या दोन गोष्टींपैकी एकीवर येऊन आदळतात, रंगावर किंवा वेगावर.

रंगाचा हट्ट का, असे कोणी विचारील. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असलेला चालतो, तिथल्या अनेक गाड्यांना तो तसाच असतो. पण त्याच अमेरिकेच्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९मध्ये आकडेवारी तपासली, तेव्हा मागे अंबर इंडिकेटर असलेल्या गाड्यांना वळताना मागून धडक बसण्याचे प्रमाण लाल इंडिकेटरवाल्यांपेक्षा ५.३ टक्क्यांनी कमी आढळले. लाल दिव्यांच्या घोळक्यात आणखी एक लाल दिवा लुकलुकला तर तो ब्रेकचा की वळण्याचा, हे समजायला क्षणभर जास्त लागतो. पांढरा दिवा मागून दिसला तर गाडी रिव्हर्स घेते आहे असे वाटते. नारिंगीचा मात्र दुसरा अर्थच होत नाही.

आधी काच पाहा, मग बल्ब

बल्ब मागायला जाण्यापूर्वी गाडीच्या दिव्यावरची काच पाहावी. (गॅरेजमध्ये सगळे तिला काच म्हणतात, असते ती प्लास्टिकची.) जुन्या फियाट, अम्बॅसॅडर, मारुती ८०० यांच्या इंडिकेटरवर बहुतेक नारिंगी काच असे. प्रकाशाला रंग ती काचच देत असल्यामुळे आतला बल्ब साधा, पारदर्शक. नंतर गाड्यांना देखणे करण्याच्या नादात काच पाण्यासारखी स्वच्छ झाली आणि रंग देण्याचे काम बल्बवर आले. अशा दिव्यात नारिंगी बल्बच हवा. तिथे साधा बल्ब बसला की पांढरा इंडिकेटर तयार होतो, जो नियमातही बसत नाही आणि उन्हात तर दिसतही नाही. उलट नारिंगी काचेमागे नारिंगी बल्ब लावला तर प्रकाश घटतो आणि रंग लालसर होतो.

हा घोटाळा होऊ नये म्हणून बल्ब बनवणाऱ्यांनी एक फार हुशारीची व्यवस्था करून ठेवली आहे. साध्या बल्बचे सांकेतिक नाव पी२१डब्ल्यू आणि नारिंगीचे पीवाय२१डब्ल्यू. दोन्ही १२ व्होल्टचे, दोन्ही २१ वॅटचे, दोन्हींची पितळी टोपी १५ मिलिमीटर जाडीची. टोपीच्या बाजूला दोन बारीक पिना असतात. साध्या बल्बच्या पिना एकमेकींच्या बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर. नारिंगीच्या पिना मात्र जरा तिरक्या, १५० अंशांवर. होल्डरमधल्या खाचाही त्याप्रमाणेच. त्यामुळे साधा बल्ब नारिंगीच्या होल्डरमध्ये जाऊच नये अशी सोय आहे.

जाऊ नये, पण घालतात. एक पिन कानशीने घासून टाकली की बल्ब कुठेही बसतो. कधी ते पक्कडीने दाबून बसवतात. काउंटरवर नारिंगी बल्ब संपलेला असतो, गिऱ्हाईक घाईत असते आणि मेकॅनिक "बसवून देतो साहेब" म्हणतो. अशा वेळी बल्ब होल्डरमध्ये तिरका राहतो, खड्ड्यातून गेले की संपर्क तुटतो, आणि बंगळूरमध्ये खड्डा शोधायला लांब जावे लागत नाही. घासलेली पिन दिसली तर तो बल्ब परत करावा, भिडेस पडू नये.

तिसरा भाऊ आहे पी२१/५डब्ल्यू, ज्याला बाजारात 'डबल कॉन्टॅक्ट' म्हणतात. त्यात दोन तारा असतात, एक २१ वॅटची ब्रेकसाठी आणि एक ५ वॅटची मागच्या टेललाइटसाठी. खाली शिशाचे दोन ठिपके आणि पिना एकमेकींसमोर, पण एक वर तर एक खाली. हा इंडिकेटरचा बल्ब नव्हे, तरी दिसायला सारखाच असल्याने हातात पडतो. इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही लुकलुकते, किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटतो, असा खेळ दिसला तर दोन शक्यता असतात : कोणीतरी चुकीच्या जागी हा बल्ब कोंबला आहे, किंवा दिव्याची अर्थिंग गंजली आहे.

पुढच्या चाकावरच्या पत्र्यात किंवा आरशात जो छोटा इंडिकेटर असतो, त्यात बल्ब असेल तर बहुधा पितळी टोपी नसलेला, नुसत्या काचेच्या चपट्या बुडाचा. बाजारात त्याला 'कॅपलेस' म्हणतात. साधा असेल तर डब्ल्यू५डब्ल्यू आणि नारिंगी असेल तर डब्ल्यूवाय५डब्ल्यू. नावातला 'वाय' पाहिला की नारिंगी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. काही गाड्यांत मोठा इंडिकेटरही कॅपलेस असतो, त्याचे बूड अर्थातच मोठे.

स्कूटरचा बल्ब मोटारीत

सगळ्यांत फसवी चूक मात्र रंगाची नाही, वॅटची आहे. दुचाकीच्या इंडिकेटरला पुष्कळदा १० वॅटचा बल्ब असतो. मोटारीत आतल्या किंवा पार्किंगच्या दिव्याला ५ वॅटचा लागतो. या साध्या, टोपीवाल्या १० आणि ५ वॅटच्या बल्बांची टोपी २१ वॅटवाल्याइतकीच, पिनाही तशाच. ते मोटारीच्या होल्डरमध्ये विनातक्रार बसतात. काचेचा फुगा तेवढा लहान असतो, पण शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

फरक किती पडतो? प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. साधा २१ वॅटचा बल्ब सुमारे ४६० ल्युमेन देतो. नारिंगी २१ वॅटचा सुमारे २८०, कारण रंगाचा थर काही प्रकाश अडवतो. १० वॅटचा देतो सुमारे १२५ आणि ५ वॅटचा अवघा ५०. म्हणजे मागच्या माणसाला जेवढा उजेड दिसायला हवा, त्याच्या चौथाई किंवा नवव्या हिश्श्यावर काम चालते. रात्री घराच्या गेटपाशी तपासले तर तोही लख्ख वाटेल. दुपारी दोन वाजता होसूर रोडवर पश्चिमेचे ऊन मागच्या दिव्यावर पडले असता तो पेटला आहे की नाही, हे मागच्याला सांगता येणार नाही.

व्होल्टचेही तसेच. ट्रक आणि बसगाड्यांची वीज बहुधा २४ व्होल्टची असते आणि त्यांचे बल्ब याच दुकानांत, याच आकारात मिळतात. २४ व्होल्टचा बल्ब मोटारीत लावला की मेणबत्तीसारखा मिणमिणतो. टोपीवर '१२ व्ही २१ डब्ल्यू' असे कोरलेले असते. अक्षरे बारीक असतात. चष्मा काढून का होईना, पण वाचावीत.

टिकटिक वेगाने का होते

इंडिकेटरचा दांडा खाली-वर केला की जो 'टिक-टिक' आवाज येतो, तो फ्लॅशरचा. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डखाली डबीएवढा फ्लॅशर असे. त्यात दोन धातूंची जोडपट्टी. वीज वाहिली की ती तापून वाकायची, जोड तुटायचा. थंड झाली की पुन्हा सरळ. एक बल्ब गेला की वीज कमी वाहते, पट्टी पुरेशी तापत नाही आणि उरलेला दिवा हळूहळू लुकलुकतो किंवा पेटून तसाच राहतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरने हेच उलटे केले. तो वाहणारी वीज मोजतो. पुढचा २१, मागचा २१ आणि बाजूचा ५, असे एका बाजूला ४७ वॅट आहेत का ते पाहतो. कमी भरले की मुद्दाम वेग दुप्पट करतो, म्हणजे चालवणाऱ्याला कळावे की एक दिवा गेला.

म्हणून घाईची टिकटिक ऐकू आली की फ्लॅशर बदलायला धावू नये. आधी गाडीला एक फेरी मारून कोणता दिवा मेला आहे ते पाहावे. आणि नवा बल्ब लावल्यावरही टिकटिक तशीच राहिली, तर बल्ब कमी वॅटचा आहे किंवा होल्डरमध्ये नीट टेकलेला नाही, असे समजावे. फ्लॅशर बिचारा आपले काम चोख करीत असतो.

एलईडीची गोष्ट इथेच येते. दुकानदार हल्ली आवर्जून एलईडीचा बल्ब दाखवतो. चमक भरपूर, आयुष्य जास्त, वीज दोन-तीन वॅट. पण फ्लॅशरला ४७ वॅटची सवय. त्याला वाटते सगळे बल्ब गेले, आणि तो वेग वाढवतो. मिनिटाला १२०ची मर्यादा ओलांडली जाते. त्यावर तोडगा म्हणून तारेत ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. म्हणजे वाचवलेली वीज पुन्हा उष्णतेत जाळायची! इंडिकेटर पेटतो त्या त्या क्षणी त्यात सुमारे ३० वॅट जळतात आणि थोड्या वेळात त्याला हात लावता येत नाही. तो प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकवून बांधला असेल तर पुढचे सांगायला नको. शिवाय दिव्याच्या आतला आरसा एका बारीक तारेच्या ठिणगीभोवती आखलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी नसल्याने समोरून चमक आणि बाजूने काळोख, असा प्रकार होतो. स्कूटर नेमकी बाजूने येत असते. जुलै २०२४मध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली, ती मुख्यतः हेडलाइटबद्दल होती. पण मुळात कंपनीने न दिलेला दिवा हौसेने लावण्याची सवय तीच. ज्या गाडीला कारखान्यातूनच एलईडी इंडिकेटर आला आहे तिची गोष्ट वेगळी, तिचे सगळे गणित त्यासाठी मांडलेले असते. मात्र तिथे बल्ब बदलता येत नाही; बिघडला की बहुधा अख्खा दिवाच बदलावा लागतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस गप्प होतो.

जुना बल्ब खिशात

काउंटरवर गाडीचे नाव सांगून काम भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचे दिवे तीन-चार वर्षांनी बदलतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत बल्बांचा तक्ता असतो, त्यात कोणत्या जागी कोणता बल्ब ते लिहिलेले असते. ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघालेले नसते, एवढ्या निमित्ताने ते काढावे. आणि जुना बल्ब खिशात टाकून न्यावा. मात्र आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकनेच चुकीचा लावलेला असू शकतो, विशेषतः जुनी गाडी घेतली असेल तर, म्हणून पुस्तक आणि बल्ब दोन्ही जुळले पाहिजेत.

दुकानात दोन्ही बल्ब शेजारी शेजारी धरून पाहावेत : फुग्याचा आकार, पिनांची जागा, खालचे ठिपके, टोपीवरची अक्षरे. चांगल्या बल्बवर बनवणाऱ्याचे नाव असते आणि अनेकांवर वर्तुळात 'ई' व एक आकडा, म्हणजे युरोपातल्या नियमांप्रमाणे मान्यता मिळाल्याची खूण. भारतात वाहनांच्या बल्बांसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६पासून आहे. स्वस्त नारिंगी बल्बांचा रंग नुसता वरून फासलेला असतो. काही महिन्यांत उष्णतेने त्याच्या खपल्या निघतात आणि इंडिकेटर फिका पडत पडत पांढरा होतो. नखाने रंग निघत असेल तर तो घेऊ नये.

लावणे अवघड नाही. इंजिन आणि दिवे बंद करून बल्ब थंड होऊ द्यावा. मागच्या दिव्यापाशी डिकीतून, पुढच्यापाशी बॉनेटमधून किंवा चाकाच्या वरच्या बाजूने हात पोचतो. होल्डर पाव वळसा फिरवला की बाहेर येतो. टोपीवाला बल्ब आत दाबून डावीकडे फिरवायचा. कॅपलेस सरळ ओढायचा. काच फुटलेली असेल तर जाड फडके घ्यावे. होल्डरमध्ये हिरवट थर दिसला तर पॉलिश पेपरने तो घासून काढावा. बंगळूरमध्ये मे महिन्यातल्या वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाची ये-जा असते आणि दिव्याचे रबरी वायसर कुजले की पाणी आत शिरते. बल्ब नवा आणि होल्डर गंजलेला असेल तर महिन्याभरात पुन्हा जे. सी. रोड गाठावा लागतो. एका बाजूचा बल्ब वयाने गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही फार दिवस काढणार नाही, तेव्हा दोन घेतलेले बरे.

मग घरातल्या कोणाला तरी गाडीच्या मागे दहा-पंधरा पावलांवर उभे करावे, शक्यतो दिवसाउजेडी. डावा, उजवा, मग चारही एकदम. त्यानंतर हेडलाइट लावून आणि ब्रेक दाबून पुन्हा तेच, कारण अर्थिंगचे दोष सगळे दिवे एकत्र पेटल्यावरच बाहेर येतात. मिनिटभर घड्याळ लावून किती वेळा लुकलुकतो ते मुलांना मोजायला सांगावे. त्यांना ते आवडते. साठ ते एकशेवीसच्या मध्ये आकडा आला, रंग नारिंगी दिसला आणि दोन्ही बाजूंचा उजेड सारखा वाटला की डिकी लावून टाकावी, आणि उरलेला जास्तीचा बल्ब ग्लोव्ह बॉक्समध्ये, त्या पुस्तिकेच्याच पिशवीत ठेवावा.